पाणंदीवरची मोटारसायकल

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मोटारसायकलच्या चाकाखाली रोज दोन प्रकारची जमीन येते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला बागायती पट्टा काळ्या मातीचा आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ही साखर कारखान्यांची गावे याच पट्ट्यात येतात. गाळप हंगाम सुरू झाला की एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात आणि फडातून डांबरी रस्त्यावर येणाऱ्या वाटांवर वीतभर खोल चाकोऱ्या पडतात. कालव्याचे पाणी जिथे पोहोचत नाही, त्या मोरगाव, सुपे, शिर्सुफळच्या जिरायती भागात मुरूम, खडी आणि बाभळी. तिथे वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या पाणफुगवट्याच्या काठाने भिगवण, पळसदेवकडे गेले की पुन्हा काळी चिकट माती लागते आणि कडबनवाडीच्या माळावर पुन्हा खडे आणि गवत.

या भागातले मोठे रस्ते आता चांगले आहेत. पुणे–सोलापूर महामार्ग भिगवण आणि इंदापूरवरून जातो. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा पाटस–बारामती–इंदापूर मार्ग रुंद झाला आहे. बारामतीहून इंदापूर सुमारे ५० किलोमीटर. कोणतीही धड गाडी हे अंतर आरामात काटते. पण इथला शेतकरी गावठाणात कमी आणि शेतातल्या वस्तीवर जास्त राहतो. डांबरी रस्ता सोडून वस्तीकडे वळले की पाणंद सुरू होते. दोन बाजूंना बांध, मध्ये ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या दोन रेघा, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. ही वाट इतकी महत्त्वाची आहे की राज्य सरकारला २०२१ साली शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणावी लागली. दूध डेअरीला घालायचे, मुलाला शाळेत सोडायचे, रात्रीच्या लाइटला मोटार चालू करायला विहिरीवर जायचे, ही सगळी कामे याच वाटेवरून होतात.

ज्या मोटारसायकलला डांबर आणि पाणंद या दोन्हींवर चालायचे आहे, तिची घडण कशी असावी? जगात या प्रश्नाचे एक उत्तर सुमारे शंभर वर्षांपूर्वी तयार व्हायला लागले. त्या उत्तराचे नाव स्क्रॅम्बलर. आज ही गाडी जुन्या वळणाची, देखणी, तरुणांना भुरळ घालणारी म्हणून विकली जाते. तिचे रूप खरोखरच सुंदर आहे. पण तिच्या रूपातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कधीतरी एखाद्या कामासाठी जन्माला आली आहे. ते काम आजही होते का, हे भाग सुटे करून पाहिले तरच ही गाडी नीट कळते.

शर्यतीने घडवलेला आकार

१९२४ साली इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीजवळच्या माळरानावर मोटारसायकलींची एक शर्यत झाली. चढ, उतार, चिखल आणि खड्डे असलेल्या वाटेवरून सर्वांत आधी कोण पोहोचतो, एवढाच तिचा नियम. पुढे मोटोक्रॉस म्हणून जगभर पसरलेल्या खेळाची सुरुवात अशा शर्यतींतून झाली. त्यासाठी वेगळ्या गाड्या त्या काळी कोणीच बनवत नव्हते. लोक रोजच्या वापरातली गाडी घ्यायचे, दिवे आणि जड पत्रे काढून टाकायचे, रुंद हँडल लावायचे, टायर बदलायचे आणि दगडावर आपटू नये म्हणून सायलेन्सर वर उचलून बाजूने न्यायचे. आजच्या स्क्रॅम्बलरची सगळी ओळख या गॅरेजातल्या उलाढालीतून आली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रुजला. तिथे ब्रिटिश ट्रायम्फच्या दोन सिलिंडरच्या गाड्यांना मोठी मागणी होती. १९६३ च्या ‘द ग्रेट एस्केप’ या चित्रपटात काटेरी तारेच्या कुंपणावरून उडी मारणारी गाडी ट्रायम्फच होती. ती उडी नायक स्टीव्ह मॅक्वीनच्या जागी त्याचा मित्र बड एकिन्स याने मारली होती. पुढच्याच वर्षी हे दोघे अमेरिकेच्या संघातून पूर्व जर्मनीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ट्रायम्फवर उतरले. बडचा भाऊ डेव्ह एकिन्स याने १९६२ साली होंडाची २५० सीसीची सीएल-७२ स्क्रॅम्बलर घेऊन मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातले लांबलचक अंतर सुमारे ४० तासांत कापले. रस्ता बहुतांश ठिकाणी नव्हताच. त्या फेरीतून पुढे बाहाच्या प्रसिद्ध शर्यतीची कल्पना उभी राहिली. इटलीच्या डुकाटीनेही १९६२ मध्येच अमेरिकी बाजारासाठी एका सिलिंडरची स्क्रॅम्बलर काढली.

मग या गाड्या मागे का पडल्या? १९६८ साली यामाहाने डीटी-१ ही २५० सीसीची टू-स्ट्रोक गाडी आणली. ती पहिल्या खिळ्यापासून कच्च्या रस्त्यासाठी बनवलेली, हलकी आणि स्वस्त होती. रस्त्यावरच्या गाडीत फेरफार करून माळावर नेण्याची गरज तिने संपवली. जड स्क्रॅम्बलर तिच्यापुढे टिकली नाही. तीस-पस्तीस वर्षांनी ती परतली. २००६ साली ट्रायम्फने ८६५ सीसीची नवी स्क्रॅम्बलर आणली, २०१५ मध्ये डुकाटीची नवी स्क्रॅम्बलर रस्त्यावर आली. या वेळी गिऱ्हाईक शर्यतीतले नव्हते. त्यांना साठच्या दशकातली ऐट हवी होती आणि अधूनमधून डांबर सोडून जाण्याची मोकळीक. आजच्या स्क्रॅम्बलरकडून काय अपेक्षा करावी, हे या इतिहासावरून ठरते. तिला चिखलातली शर्यत जिंकायची नाही; दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर निभावून न्यायचे आहे. बारामती-इंदापूरच्या माणसाची गरजही नेमकी हीच आहे.

दुधाच्या कॅनवाल्यांची परंपरा

आपल्याकडे ही गरज स्क्रॅम्बलर या नावाच्या कितीतरी आधीपासून आहे आणि लोकांनी ती आपापल्या परीने भागवली आहे. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने बनवलेली राजदूत १७५ ही खेड्यापाड्यातल्या दूधवाल्यांची गाडी होती. जाड पत्रा, साधे टू-स्ट्रोक इंजिन, गावातल्या फिटरला अर्ध्या तासात उघडता येईल अशी रचना. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या लावून दुधाचे कॅन टांगले की ती ओढ्यातून, बांधावरून वाट काढत संकलन केंद्रावर पोहोचायची. पुढे बजाजच्या एम-८० ने हेच काम केले. छोटी, गिअरची, वजनाने हलकी. चिखलात रुतली तर एकट्या माणसाला उचलून काढता यायची. या गाड्यांचे फोटो कोणत्याही मासिकाच्या मुखपृष्ठावर आले नाहीत, पण काम पाहिले तर त्या स्क्रॅम्बलरच होत्या.

कंपन्यांनाही हे उशिरा का होईना उमगले. बजाजने २०२१ मध्ये सीटी-११०एक्स आणली तेव्हा साध्या ११५ सीसीच्या गाडीला अर्धे बटन टायर, इंजिनाखाली गार्ड आणि मागे कॅरिअर कारखान्यातूनच बसवून दिले. ज्या गोष्टी लोक तालुक्याच्या गावी जाऊन वेल्डिंगवाल्याकडून करून घेत होते, त्या आता शोरूममध्ये मिळू लागल्या.

मोठ्या इंजिनांच्या गाड्यांमध्ये २०२२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. जानेवारीत येझदी हे जुने नाव परत आले आणि त्यासोबत ३३४ सीसीची येझदी स्क्रॅम्बलर आली. मार्चमध्ये रॉयल एनफिल्डने हिमालयनच्या सांगाड्यावर स्क्रॅम ४११ काढली. हिमालयनचे पुढचे चाक २१ इंचांचे, स्क्रॅमचे १९ इंचांचे. डोंगरातल्या गाडीला गावातल्या रस्त्याकडे आणण्यासाठी त्यांनी जे बदल केले, त्यांतला हा मुख्य.

एक इंजिन, दोन सांगाडे

पुणे जिल्ह्याला मोटारसायकल बनवणारा जिल्हा म्हणायला हरकत नाही आणि त्यात बारामतीचाही वाटा आहे. बारामती एमआयडीसीत इटलीच्या पियाजिओचा कारखाना आहे. सुरुवातीला तिथून आपे रिक्षा बाहेर पडल्या, २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर बनू लागली, २०१६ मध्ये एप्रिलियाची एसआर १५० आली आणि २०२३ मध्ये एप्रिलियाची आरएस ४५७ ही दोन सिलिंडरची, सुमारे ४७ अश्वशक्तीची मोटारसायकल. बारामतीत तयार झालेली ही गाडी परदेशांतही जाते. पण ती स्क्रॅम्बलरच्या अगदी उलट टोकाची आहे. हँडल खाली, अंग पुढे झुकलेले, दोन्ही चाके १७ इंचांची, सारी घडण गुळगुळीत डांबरावर वेगाने वळण्यासाठी. कारखान्याच्या फाटकातून निघालेली ही गाडी पाणंदीवर घातली, तर पहिल्याच चाकोरीत तिचा खालचा भाग घासेल.

स्क्रॅम्बलर बनते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चाकणला. बजाज ऑटो आणि ट्रायम्फ यांच्या भागीदारीची घोषणा २०१७ मध्ये झाली, जानेवारी २०२० मध्ये ती पक्की झाली आणि २०२३ मध्ये स्पीड ४०० आणि स्क्रॅम्बलर ४०० एक्स या दोन गाड्या आल्या. या जोडीइतके चांगले उदाहरण स्क्रॅम्बलर समजून घ्यायला दुसरे मिळणार नाही, कारण दोघींचे इंजिन एकच आहे. ३९८ सीसी, एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारे, ८००० फेऱ्यांना ४० पीएस ताकद आणि ६५०० फेऱ्यांना ३७.५ न्यूटन-मीटर टॉर्क. म्हणजे फरक जो काही आहे तो ताकदीत नाही, हाडांच्या ठेवणीत आहे.

स्पीडची दोन्ही चाके १७ इंचांची. स्क्रॅम्बलरचे पुढचे १९ इंचांचे. टायर धरून मोजले तर स्पीडचे पुढचे चाक सुमारे ५९ सेंटिमीटर व्यासाचे आणि स्क्रॅम्बलरचे सुमारे ६६ सेंटिमीटर. चाक मोठे असले की दगडाला ते किंचित वरून, उतरत्या कोनात भिडते आणि त्यावरून चढून जाते. लहान चाक दगडाला समोरून धडकते. खड्ड्यातही मोठे चाक कमी खोल उतरते. एका दगडापुरता हा फरक थोडासाच असतो, पण दोन किलोमीटरच्या वाटेवर शेकडो दगड येतात आणि दिवसाअखेर मनगटांना तो कळतो.

स्पीडच्या पुढच्या चिमट्याची खाली-वर होण्याची जागा १४० मिलिमीटर आणि मागच्या शॉकअपची १३०. स्क्रॅम्बलरला दोन्हीकडे १५०. हे अंतर जितके जास्त, तितका मोठा धक्का स्प्रिंग पोटात घेऊ शकते. ते संपले की लोखंडावर लोखंड आपटते आणि धक्का थेट पाठीच्या कण्यात जातो. स्क्रॅम्बलरच्या दोन चाकांमधले अंतर १३७७ मिलिमीटरवरून १४१८ झाले आहे. त्यामुळे सुट्या खडीवर ती कमी डगमगते. हँडल रुंद आहे. हँडल रुंद असले की हाताच्या थोड्या जोरात चाक वळते. चाकोरीतून चाक बाहेर काढताना ही तरफ हवीच. जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची मोकळी जागा १९५ मिलिमीटर आहे. उथळ चाकोरीला एवढी पुरते, वीतभर खोल चाकोरीला मात्र थोडी कमीच पडते.

या सगळ्याची किंमतही द्यावी लागते. सीट ७९० मिलिमीटरवरून ८३५ वर गेली. बेताच्या उंचीच्या माणसाला दोन्ही पाय टेकताना टाचा उचलाव्या लागतात आणि चिखलात पाय टेकण्याची वेळ वारंवार येते. वजन स्पीडपेक्षा ९ किलोने वाढले आणि १८० किलोच्या आसपास गेले. साधी १०० सीसीची गाडी ११० किलोच्या जवळपास असते. म्हणजे रुतलेली स्क्रॅम्बलर बाहेर काढायला दुसरा माणूस लागणार, हे गृहीत धरूनच तिला चिखलात घालावे.

चिखल, मुरूम आणि काटा

काळ्या मातीत पहिल्यांदा परीक्षा होते ती मडगार्डची. ही माती चाकाला चिकटते आणि प्रत्येक फेरीला तिच्यावर आणखी थर चढतो. टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटांचे अंतर असेल तर पन्नास पावलांत ती जागा भरते आणि चाक अडते. मग काडी घेऊन माती उकरत बसणे आले. इथे पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ते केले आहे. शर्यतीच्या गाड्यांना उंच, टायरपासून दूर बसवलेला मडगार्ड याचसाठी असतो. ट्रायम्फने २०२५ मध्ये स्क्रॅम्बलर ४०० एक्ससी ही पुढची आवृत्ती काढली; तिला असा उंच मडगार्ड दिला आहे. जी गोष्ट फोटोत नुसती चोच वाटते, ती काळ्या मातीत गाडी चालती ठेवते. तरीही खरे सांगायचे तर मुसळधार पावसानंतरच्या काळ्या रानात कोणताच टायर आणि कोणतीच गाडी चालत नाही. वाफसा येईपर्यंत थांबावे. हा शेतकऱ्याचा नियम मोटारसायकललाही लागू आहे.

टायरचे गणित जमिनीवर अवलंबून असते. बटन टायरच्या गट्टूंमध्ये मोठ्या मोकळ्या जागा असतात. गट्टू मातीत रुततात आणि पकड मिळते. चाक फिरताना मधली माती उडून जाते. पण डांबरावर याच टायरचा थोडाच भाग जमिनीला टेकतो. ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतरावर थांबते, वळणात गट्टू वाकतात, टायर लवकर झिजतो. म्हणून ज्याचा ५० पैकी ४५ किलोमीटर रस्ता डांबराचा आहे, त्याने पूर्ण बटन टायर लावू नयेत. मध्यम खाचांचे, दोन्हीकडे चालणारे टायर त्याला योग्य. मुरमावर हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते, मात्र डांबरावर येताच ती पुन्हा भरावी लागते. कमी हवेवर वेगाने चालवलेला टायर तापतो.

जिरायती भागात काट्याचा प्रश्न निराळाच. बाभूळ आणि वेडी बाभूळ यांचे काटे उन्हाळ्यात वाटेवर पसरलेले असतात. ट्यूब असलेल्या टायरमध्ये काटा घुसला की हवा झटकन जाते आणि वस्तीपासून चार किलोमीटरवर गाडी ढकलत न्यावी लागते. ट्यूबलेस टायर काटा धरून ठेवतो, हवा हळूहळू जाते, गावापर्यंत पोहोचता येते. इथे एक पेच आहे. तारांचे म्हणजे स्पोकचे चाक आघात सोसते, ओतीव मिश्रधातूचे चाक मोठ्या दगडावर तडकू शकते. पण स्पोकच्या साध्या चाकात ट्यूब लागतेच, कारण तारांच्या भोकांतून हवा निसटते. ट्यूबलेस चालतील अशी स्पोकची चाके आता निघाली आहेत आणि एक्ससीला तीच दिलेली आहेत, मात्र ती महाग असतात. बाभळीच्या मुलखात राहणाऱ्याने स्पोकच्या दिमाखापेक्षा ट्यूबलेसला आधी पसंती द्यावी.

मुरमावरचा ब्रेक हा बहुतेकांना न कळणारा विषय आहे. २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या मोटारसायकलला एबीएस सक्तीचे आहे आणि डांबरावर या यंत्रणेने असंख्य जीव वाचतात. चाक जाम होऊ लागले की ती क्षणभर ब्रेक सोडते आणि पुन्हा धरते. पण सुट्या मुरमाच्या उतारावर जाम झालेले चाक स्वतःसमोर मुरमाची रास करते आणि औताच्या फाळासमोर ढेकळे साचून बैल अडावेत, तशी ती रास गाडीला थोपवते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे रासच होत नाही आणि गाडी पुढे सरकत राहते. म्हणून चांगल्या स्क्रॅम्बलरला एबीएस आणि चाकाची घसरण रोखणारी यंत्रणा, दोन्ही बंद करण्याची सोय असते. येझदी स्क्रॅम्बलरला रस्ता, पाऊस आणि कच्चा रस्ता असे एबीएसचे तीन प्रकार दिलेले होते. ही सोय सरावलेल्या हातासाठी आहे. डांबरावर परत येताना ती यंत्रणा पुन्हा सुरू झाली आहे याची खात्री करूनच वेग वाढवावा.

उचललेला सायलेन्सर ही स्क्रॅम्बलरची सर्वांत ठळक खूण. दगडावर आपटण्यापासून तो वाचतो हे खरे. ऊसतोडीनंतरच्या वाटेवर कोरडे पाचट पसरलेले असते. तापलेल्या नळीला ते लागून पेटण्याचा धोकाही उंच सायलेन्सरने कमी होतो. मात्र सायलेन्सर वर आहे म्हणून गाडी पाण्यातून कितीही खोल जाईल, हा समज घातक आहे. पाण्याचा खरा धोका हवा आत घेणाऱ्या वाटेला असतो. तिथून पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन उतरवण्यावाचून उपाय नाही. आणि कऱ्हा नदीला किंवा एखाद्या ओढ्याला लोंढा आलेला असताना फरशी पुलावर गाडी घालणे हा तर यंत्राचा विषयच राहत नाही. गुडघ्याएवढे वाहते पाणीही माणसासकट गाडी ओढून नेते.

दिखावा कोणता, उपयोग कोणता

आता पारखताना काय पाहावे, हे ठरवता येते. गोल दिवा, टाकीवरचे पट्टे, शिवणीची सपाट सीट हे सौंदर्य आहे. त्याने मन प्रसन्न होते आणि वर्षानुवर्षे सांभाळावीशी वाटणारी गाडी मिळते, हा लाभही छोटा नाही. सपाट लांब सीटचा एक उपयोगही आहे: चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकता येते. पुढच्या चाकाचा आकार, चिमट्याची आणि शॉकअपची झेप, पोटाखालची मोकळी जागा, मडगार्डचे अंतर, इंजिनाखालचा गार्ड, ट्यूबलेस चाक आणि बंद करता येणारे एबीएस ही खरी हाडे. ही हाडे नसताना नुसता पट्टा आणि बटन टायर लावलेली गाडी ही स्क्रॅम्बलरचा पोशाख घातलेली रस्त्यावरची गाडी असते. तिला पाणंदीवर नेऊ नये.

पैशाचेही भान ठेवावे. स्क्रॅम्बलर ४०० एक्स ऑक्टोबर २०२३ मध्ये आली तेव्हा तिची शोरूममधली किंमत सुमारे २.६३ लाख रुपये होती. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. जिचे निम्मे काम दूध आणि वैरण वाहणे आहे, तिच्यासाठी हा खर्च पटणारा नाही. तिथे कॅरिअर बसवलेली हलकी ११० सीसीची गाडीच शहाणपणाची. स्क्रॅम्बलर त्याच्यासाठी, ज्याला पुण्यापर्यंतचा महामार्गही अधूनमधून गाठायचा आहे आणि संध्याकाळी वस्तीवर परतायचेही आहे.

जुन्या गाडीलाच स्क्रॅम्बलर करण्याचा मोह अनेकांना होतो. गॅरेजातली ही कला मोठी आहे आणि या गाडीचा जन्मच तिच्यातून झाला. पण मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत आणि आवाज वाढवणारे सायलेन्सर पोलीस जप्त करतात. टायर, गार्ड आणि हँडल बदलताना गाडीच्या मूळ मापांची आणि कायद्याची मर्यादा पाळावी.

चालवण्याचे तंत्रही शिकून घ्यावे लागते. खडबडीत वाटेवर फूटरेस्टवर उभे राहिले की शरीराचे वजन सीटऐवजी खाली फूटरेस्टवर येते, गुडघे धक्के घेतात आणि गाडी पायांखाली मोकळेपणाने हलू शकते. नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवावी. फुफाट्यात फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच साफ करावा आणि चेन धुऊन तेल द्यावे. धुळीत मिसळलेले जुने तेल चेन आणि स्प्रॉकेट कानशीसारखे घासते. हेल्मेट पाणंदीवरही हवे, कारण कमी वेगात पडले तरी दगडावर डोके आपटून जिवावर बेतू शकते. हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना अंतर राखावे; अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा चमकणारी पट्टी नसते.

जिथे जाता येते, तिथे जावेच असे नाही

ही गाडी डांबर सोडू शकते, म्हणून एक जबाबदारीही येते. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. अवघ्या ५ चौरस किलोमीटरच्या आसपासचे हे अभयारण्य चिंकारा हरणांसाठी राखले आहे. शिर्सुफळ आणि इंदापुरातले कडबनवाडी ही गवताळ माळरानेही चिंकारा, लांडगे, खोकड आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची घरे आहेत. माळ मोकळा दिसतो, म्हणून तो रिकामा आहे असे समजू नये. चाकाखाली चेंगरलेले अंडे कुणाच्या लक्षात येत नाही आणि एकदा पडलेली चाकोरी पावसात ओघळ होऊन माती वाहून नेते. उजनीच्या काठावर कुंभारगाव, डिकसळकडे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तिथेही गाडी काठापासून दूर, गावच्या रस्त्यावरच ठेवावी. कालव्याच्या भरावावरून वेगाने गाडी पळवू नये, तो पाटबंधाऱ्याचा बांध आहे आणि शेकडो शेतांचे पाणी त्याच्या भरवशावर आहे. आषाढात पालखी या रस्त्यांवरून जाते तेव्हा वारकऱ्यांना संपूर्ण रस्ता मोकळा द्यावा.

तेव्हा स्क्रॅम्बलर घ्यायचा विचार असेल, तर शोरूमला जाण्याआधी आपल्या घरापासून डांबरापर्यंतची वाट एकदा पायी चालून पाहा. चाकोरी किती खोल आहे, माती काळी आहे की मुरमाची, बाभळी किती आहेत, ओढा कुठे लागतो, हे नीट बघा. त्या वाटेला लागणारी मापे जिच्यात असतील ती गाडी घ्या, रंग त्यानंतर निवडा. आणि ती घेतल्यावर पाणंदीवर मनसोक्त चालवा. माळ मात्र चिंकाऱ्यांसाठी सोडा.